तुम्ही बाबूची खुशाली विचारलीत

ता. ९ मार्च, रविवार दुपार

प्रिय वन्सं,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. पोस्टमनने ते काउंटरवर ठेवलं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत पिठात होते, पण अक्षर लांबूनच ओळखलं. तुमच्यासारखी 'क'ची शेपटी कुणी ओढत नाही. हात धुतले, पुसले, परत धुतले. शेवटी दुकान बंद केल्यावर फोडलं. तुम्ही धडधाकट आहात एवढं वाचूनच मी खुर्चीत बसून घेतलं. तुमच्या जुन्या पत्त्यावर पाठवलेली माझी पत्रं शिक्के खाऊन परत आली होती, तेव्हा मनात काय काय येऊन गेलं ते आता लिहीत नाही.

भावोजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, बरं वाटलं. त्यांना म्हणावं, आता पेपर वाचताना हात लांब करायची सवय सोडा, समोरच्याच्या नाकाला लागतो.

इकडे मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, मी लक्ष देत नाही. जुनी लोखंडी भट्टी काढून टाकली. आता विजेवरची आहे. बटण दाबलं की लाल दिवा लागतो, भाजून झालं की शिट्टी वाजते. मी भट्टीवर काम करते की भट्टी माझ्यावर देखरेख करते, कळत नाही. लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमचं नाक तिने घेतलंय आणि तुमचा तोंडाचा फटकळपणाही. होस्टेलवर असते, शनिवारी येते आणि माझ्या डब्यांवरची झाकणं उघडून उघडून बघते.

तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत. 'माझा बाबू कसा आहे?' आणि खाली, पेन दाबून, 'तू अजून त्याच चर्चला जातेस का, आणि जात असशील तर कशी जातेस?'

दुसऱ्याचं उत्तर आधी देते.

जाते. आजही जाऊन आले.

तुम्हाला हे कसं वाटेल ते मी जाणते. घटस्फोटित माणसाशी लग्न केलं म्हणून चर्चच्या मंडळीतून काढायला व्यासपीठावरून तुमचं नाव वाचलं गेलं, तेव्हा मी नवी नवरी होते, तुमच्या शेजारीच बसले होते. सगळं सभागृह मान वळवून बघत होतं, आणि बायकांच्या बाजूची शिस्त बघणारी, आपण जिला हवालदारीणबाई म्हणायचो ती उठून उभी राहिली, काठी दाराकडे केली आणि म्हणाली, "बाई, बाहेर." तुम्ही गेलात. तुमच्या सँडलचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. बाबू पुरुषांच्या बाजूला गीतांच्या पुस्तकात डोकं घालून बसला होता. मला वाटलं होतं, तो उठेल. ज्याला तुम्ही आई गेल्यावर काखेत घेऊन वाढवलंत, ज्याच्या वाटणीचे वडिलांच्या पट्ट्याचे फटके तुम्ही आडवं पडून स्वतःच्या पाठीवर घेतलेत, तो निदान उभा तरी राहील. तो राहिला नाही. पुढे काही वर्षांनी मंडळीने त्याला कारभार बघणाऱ्यांत घेतलं, मंडळीचा वडील केलं. प्रभुभोजनाच्या दिवशी द्राक्षरसाच्या प्याल्यांचा ट्रे बाकाबाकावरून नेणं त्याच्याकडे आलं. पाव आमच्या बेकरीचा. तो मी मळायचे.

वन्सं, तुम्हाला तेव्हा काही सांगितलं नाही, आणि नंतर सांगायला तुम्ही नव्हता. तो मला मारायचा.

पहिल्यापासून नाही. आधी भांडी फेकायचा, मग माझ्या दिशेने फेकायला लागला, मग भांडं मधून गेलं, नुसता हात राहिला. बेकरीत काम करणाऱ्याच्या हातावर भाजल्याचे चट्टे असतातच. ट्रे लागतो, भट्टीचं दार लागतं. त्यामुळे कोणता चट्टा ट्रेचा आणि कोणता बाबूचा हे कुणाला कळत नव्हतं, आणि मी कळू देत नव्हते. एकदा बरगडी मोडली तेव्हा पाळकसाहेबांच्या बायकोला जाऊन सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला, डोळे मिटून प्रार्थना केली आणि म्हणाली, त्याच्यावर कामाचा ताण आहे, तू उलट बोलत नाहीस ना? मग मंडळीच्या दोन वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, नेमकं काय केलं होतंस तू? जणू बरगडीला कारण सापडलं की ती आपोआप सांधणार होती.

मग लेकीच्या शिक्षणाचं निघालं. तिला नर्सिंगला दुसऱ्या गावी जायचं होतं. तो नाही म्हणाला आणि मी तिच्या कागदांवर सही केली. त्या शुक्रवारी, पावाचा दुसरा घाणा भट्टीत असताना, त्याने माझं मनगट धरलं, बाही वर सारली आणि हाताची आतली बाजू भट्टीच्या दाराला लावून धरली. तो ओरडत नव्हता. शांतपणे बोलत होता, घर कुणाच्या शब्दावर चालतं ते समजावून सांगत होता, आणि बोलणं संपेपर्यंत त्याने हात सोडला नाही. मी ओरडले तेव्हा शेजारच्या दुकानदाराने भिंतीवर दोनदा ठोकलं. आवाज कमी करा म्हणून.

रविवारी प्रभुभोजन होतं. हाताला पट्टी होती, पट्टीवर लांब बाही. तो ट्रे घेऊन आमच्या ओळीपाशी आला. स्वच्छ पांढरा शर्ट, भांग पाडलेला, चेहऱ्यावर ते चर्चमधलं हसू. प्याला माझ्यासमोर आला आणि माझे हात मांडीवरून उठेनात. वन्सं, मी काही ठरवून गेले नव्हते. फक्त त्याच्या हातून ते घेणं जमेना. सगळी ओळ बघत होती. तो थांबला, मी खाली बघितलं, तो पुढे गेला. एवढंच माझ्या हातून घडलं.

उपासना संपली. अंगणात माणसं नेहमीसारखी घोळक्याने उभी होती. त्याने मागून माझे केस धरले आणि मला पायऱ्यांवरून खाली ओढलं. भिंतीला घडीच्या लोखंडी खुर्च्या टेकवलेल्या होत्या, त्यातली एक त्याने उचलली. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसऱ्याला मी आडवी झाले होते. खुर्ची मिटलेली असली की तिची कड किती धारदार असते हे बसणाऱ्याला कधी कळत नाही. लेक धावत आली आणि माझ्या अंगावर पडली. त्याने हात थांबवला नाही. तिच्या जबड्याचा आवाज मी ऐकला. सुकी फांदी मोडावी तसा. तिचं रक्त माझ्या डोळ्यात गेलं, म्हणून पुढचं मला लाल लालच आठवतं.

अंगणात सगळी मंडळी होती. मुलांचे डोळे हातांनी झाकले गेले. कुणीतरी म्हणालं, घरातलं आहे, आपण मध्ये पडायचं नाही. आणि मंडळीचे एक वडील घाईघाईने फाटकाकडे गेले. मला वाटलं, रस्त्यावरून कुणाला तरी बोलावतील. त्यांनी फाटक लावून घेतलं, बाहेरून दिसू नये म्हणून.

मध्ये पडली ती हवालदारीणबाई.

हो, तीच. ऐंशीच्या पुढची, पाठीतून वाकलेली. तिने काठी दोन्ही हातांत धरली आणि त्याच्या कोपरावर हाणली. खुर्ची पडली. तो वळला तशी तिने दुसरी कानशिलावर दिली. कान फाटला त्याचा. तिसरी बसायच्या आत त्याने तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती पायऱ्यांच्या कडेवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मग मात्र पुरुष धावले. सहा-सात जणांनी त्याला खाली पाडलं, लाथा घातल्या, दात पाडले. म्हाताऱ्या बाईला हात लावतोस, म्हणत होते. मी जमिनीला गाल लावून ऐकत होते. आमच्यासाठी नाही, तिच्यासाठी. तरी आले, हेही खरंच.

लेकीचा जबडा तारांनी बांधला. महिना-दीड महिना तिने नळीने पातळ खाल्लं आणि पाटीवर लिहून बोलली. दवाखान्यात मंडळीचे तेच वडील फळं घेऊन आले. फळं, जबडा बांधलेल्या पोरीला. म्हणाले, पोलिसांत दिलेली तक्रार मागे घे, मंडळीचं नाव खराब होतंय. पोरीने पाटीवर लिहिलं, 'फाटक कुणी लावलं?' त्यांनी पाटी वाचली, घड्याळ बघितलं आणि निघून गेले. फळं राहिली.

कोर्टात मंडळीतल्या कुणाला काही दिसलं नव्हतं. एक जण पाणी प्यायला गेला होता, एकीचा चष्मा पुसायचा राहिला होता. हवालदारीणबाई चारपायी काठी टेकत आली. सरकारी वकिलाने बसायला सांगितलं तर म्हणाली, खरं उभं राहूनही सांगता येतं. सगळं सांगितलं, फाटकासकट. बाहेर आल्यावर मी तिच्या पाया पडायला वाकले, तर काठी मध्ये घातली.

"मी खरं बोलले," ती म्हणाली. "तुझ्या बाजूने बोलले नाही. प्रभूचा प्याला तू नाकारलास, ते पाप. त्याने मारलं, तेही पाप. माझ्याकडे दोन्हीला जागा आहे."

मला हसू आलं आणि खांदा दुखला. बाबूला सात वर्षांची शिक्षा झाली.

त्यानंतरचं चर्च मी तुम्हाला काय सांगू. पाळकसाहेब घरी आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, काही दिवस पाव दुसरीकडून घेतो, लोकांच्या भावना आहेत. माझ्या हातचा पाव प्रभूच्या मेजावर नको होता. कापून पिशवीत बांधलेला दुकानाचा पाव आला. माझ्या बाकावर मी बसले की बाकीच्या बायका उठून पुढे सरकायच्या. एका रविवारी दारात कुणीतरी माझ्यावर थुंकलं. मी मागे बघितलं नाही, बघितलं असतं तर त्या तोंडाचा चेहरा मला कायमचा लक्षात राहिला असता. मग एका सकाळी बेकरीची काच फुटली. दगड मळलेल्या पिठात येऊन पडला, काचा पसरल्या. त्या दगडाला कागद गुंडाळलेला होता, त्यावर मला एका शब्दात काय ते म्हटलं होतं. शब्द बायबलमधलाच होता. सगळं पीठ फेकून द्यावं लागलं. पोत्यात भरताना बोटं कापली, आणि मला असा राग आला वन्सं, की मी लांब दांड्याचं फावडं उचललं आणि ट्रे, साचे, बरण्या, हाताला येईल ते फोडत सुटले. फोडताना प्रभूशी भांडत होते. त्याला नको नको ते बोलले. तुझी ही माणसं, म्हटलं. तुझं हे घर. तू होतास ना अंगणात, मग तूही फाटक लावणाऱ्यांतलाच का?

दमले तेव्हा खाली बसले. आणि लक्षात आलं, इतका वेळ मी कुणाशी तरी बोलत होते. ज्याच्यावर विश्वास उरलेला नाही त्याच्याशी माणूस एवढं कडाकडा भांडत नाही. निघून जातो. मी गेले नव्हते.

लेक मला विचारते, तू जातेस कशाला? तिने त्या दिवसानंतर चर्चमध्ये पाऊल ठेवलेलं नाही आणि मी तिला कधी चल म्हटलं नाही. तिला एकदा म्हटलं, प्रभू त्यांच्या मालकीचा नाही. ती म्हणाली, मग घरी भेट की त्याला. बरोबर आहे तिचं. घरीही भेटते. पण लहानपणी ज्या बाकावर आईच्या मांडीवर झोपले, जिथे या पोरीला कुशीत घेऊन उभी राहिले, ती जागा मी अशी सोडून दिली तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल, की प्रभू त्यांच्या बाजूला बसतो. ते मला मान्य नाही. यात श्रद्धा किती आणि हट्ट किती, मला वेगळं काढता येत नाही. पिठातून पाणी वेगळं काढता येत नाही तसं.

एक गंमत सांगते. शिक्षेनंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला पावाचा ट्रे माझ्यासमोरून तसाच पुढे निघाला. माझे हात पुढे झालेले होते, तसेच राहिले. शेजारी हवालदारीणबाई होती, तिला पुढे सरकणं जमत नाही म्हणून. तिने ती चारपायी काठी उचलून ट्रे नेणाऱ्या वडिलांच्या पोटाला आडवी लावली. ते थांबले. ट्रे हलला. त्यांनी तो माझ्याकडे वळवला. मी पाव घेतला. काठी खाली आली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "डोक्यावरचं फडकं नीट कर. घसरलंय."

वन्सं, इथवर लिहिलं आणि उठून चहा ठेवला. चहा उकळून आटला. आता पहिल्या प्रश्नाकडे यायला हवं.

तुरुंगात मी त्याला एकदाच भेटायला गेले. का गेले ते विचारू नका. मध्ये काच होती, टेलिफोनसारखं यंत्र कानाला लावून बोलायचं. तो वाळला होता. फाटलेला कान वेडावाकडा जुळला होता. त्याने माफी मागितली नाही आणि मी मागायला सांगितली नाही. तिथल्या बेकरीत त्याला लावलं होतं, त्याबद्दल बोलला. पीठ हलकं देतात, भट्टी एका बाजूने जास्त तापते. मी म्हटलं, ट्रे मध्येच फिरवत जा. आम्ही दोघं एवढंच बोललो, पावाबद्दल. उठताना म्हणाला, "ताईला यातलं काही कळवू नकोस. मी चांगला आहे असं समजणारी तेवढी एकच राहिली आहे."

मी कबूल केलं होतं. आज तो शब्द मोडते आहे.

तुमचा बाबू गेला, वन्सं. नोव्हेंबरात गेला. तुमचा पत्ता नव्हता, पाळकसाहेब शोधतो म्हणाले होते, त्यांनी शोधला नाही असं दिसतं.

तुम्हाला अर्धवट सांगितलं तर तुम्ही उरलेलं मनाने रचाल, आणि ते याहून वाईट असेल. म्हणून सांगते. एका नव्या कैद्याने पावाचा घाणा करपवला. बाबूने त्याला गरम ट्रे तोंडावर मारला. त्या माणसाने काही दिवस वाट बघितली, चमच्याचा दांडा फरशीवर घासून घासून टोक काढलं आणि बाबू पीठ मळायला वाकलेला असताना मानेत खुपसला. मग पोटात. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

ओळख पटवायला मला बोलावलं. चादर बाजूला केली. मानेची जखम शिवलेली होती, घाईघाईने, पोतं शिवतात तशी. नखांत पीठ होतं. मनात पहिलं काय आलं ते तुमच्यापासून लपवणार नाही. आता दाराची कडी वाजली तरी मी दचकणार नाही, हे आलं. आणि लगेच दुसरं, याचा भांग चुकीच्या बाजूला पाडलाय. मी पर्समधून फणी काढली आणि नीट केला. तिथला कर्मचारी दुसरीकडे बघत उभा राहिला. मग मी त्या थंड फरशीवर बसून रडले. कुणासाठी ते आजही सांगता येत नाही. तुम्ही ज्याच्यावर आडव्या पडलात त्या पोरासाठी असेल.

मंडळीने त्याचा दफनविधी मोठा केला. पाळकसाहेब मोडलेल्या घरांवर बोलले, आणि मोडलं कुणी हे बोलल्याशिवाय सगळ्यांना कळलं. कबरीपाशी मी माती टाकायला पुढे झाले तेव्हा बायकांनी रांग मिटवून घेतली. मी वाट काढायला लागले तर एकीने कोपराने ढकललं, दुसरीने, त्या फाटकवाल्या वडिलांच्या बायकोने, माझ्या तोंडात मारली. "खुनी," म्हणाली. मी ओल्या मातीवर घसरले, एक पाय खड्ड्यात गेला, खालच्या पेटीला लागला. लाकडाचा पोकळ आवाज आला. तेवढ्यात कुणीतरी मला काखेत धरून वर ओढलं. लेक होती. मी तिला ये म्हटलं नव्हतं. जबड्यावरचा तो व्रण, केस मागे बांधलेले, सगळ्यांना दिसेल असा. ती त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता मारणार. तिची मूठ वळलेली मी बघितली. ती बाई मागे सरकली. पोरीने मूठ उघडली, खाली वाकली, माती घेतली आणि माझ्या हातात दिली.

मी माती टाकली. तुमच्या वाटणीचीही एक मूठ टाकली. तुमचं नाव घेऊन, मोठ्याने. वीस वर्षांत त्या मंडळीसमोर तुमचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

मग सगळे प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. क्षमेचं वाक्य येतं तिथे माझा आवाज बंद पडला. आम्हाला क्षमा कर, एवढं म्हणता येतं. जशी आम्ही इतरांना केली, हे म्हणता येत नाही. अजूनही दर रविवारी मी तेवढं वाक्य सोडून देते आणि पुढच्याला गाठते. प्रभूला ते ऐकू येत असणार, मध्ये भोक पडलेली प्रार्थना. खोटं म्हणण्यापेक्षा ती बरी, असं मी त्याला सांगितलंय. तो अजून काही बोललेला नाही. पण त्याने मला हाकललंही नाही.

आता तुम्ही माझ्यावर रागवाल. त्याला तुरुंगात मी पाठवलं, तिथे तो मेला, हा हिशेब मंडळीने केव्हाच मांडला आहे, तुम्हीही मांडू शकता. तुमचा हक्क त्यांच्यापेक्षा मोठा आहे. मी एवढंच म्हणेन, तो परत अंगणात खुर्ची उचलणार असता, तर मी परत तक्रार दिली असती. आणि परत भांग नीट केला असता. हे दोन्ही मीच.

पण जमलं तर या. घर तसंच आहे, वरची खोली रिकामी आहे, भावोजींना जिना चढता येत नसेल तर मी खाली बिछाना घालेन. कबरीवर जाऊ. लेकीला तुम्हाला बघायचंय. तुमचा फोटोसुद्धा त्याने घरात ठेवला नव्हता, तुमचं नाक तुमच्या चेहऱ्यावर कसं दिसतं ते तिला ठाऊक नाही.

आज उपासनेनंतर हवालदारीणबाईकडे गेले होते. महिनाभर अंथरुणावर आहे, खुबा पुन्हा दगा देतोय. सूप नेलं होतं, मीठ कमी आहे म्हणाली आणि सगळं प्यायली. तुमचं पत्र आल्याचं सांगितलं. डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपली. मी भांडं उचलायला लागले तेव्हा बोलली. शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण तिने मला दोनदा म्हणून दाखवायला लावले.

"तिला लिही, मी चुकले असं मी म्हणणार नाही. पण मी पडून असल्याने माझी जागा रिकामी आहे. तिने तिथे बसावं."

निर्णय तुमचा. तुम्ही आलात तर मी मध्ये बसेन, दाराच्या बाजूला तुम्ही, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर कुणाला ओलांडावं लागणार नाही. आणि उठलात तर मीही तुमच्यामागे उठेन. त्या वेळी उठले नव्हते.

तुमची भावजय. बाबू गेल्यावरही हे नातं लावायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी लावून ठेवलंय.